रिपोर्ट 'अबनॉर्मल' आला, म्हणजे नक्की काय झालं?

प्रश्न : नमस्कार डॉक्टर. माझं वय ३८, एक मुलगी आहे. दुसऱ्या बाळाचा विचार चालला होता म्हणून तपासून घ्यायला गेले, तेव्हा डॉक्टरांनी आयुष्यात पहिल्यांदाच माझी पॅप स्मिअर आणि एचपीव्ही टेस्ट केली. त्रास काहीच नव्हता. रिपोर्ट रात्री मोबाइलवर आला. त्यात 'एएससी-यूएस' आणि खाली 'हाय रिस्क एचपीव्ही पॉझिटिव्ह, १६ आणि १८ निगेटिव्ह' असं लिहिलंय. नेटवर शोधलं आणि रात्रभर रडले. डॉक्टर म्हणाल्या, "कोल्पोस्कोपी करून घ्या, घाबरायचं कारण नाही," आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. मिस्टर एकच विचारतात, हे आलं कुठून? संशय नाही म्हणतात, पण तेव्हापासून आमच्यात नीट बोलणं नाही. मला कॅन्सर झालाय का? पिशवी काढावी लागेल का? दुसरं मूल होईल का? आणि ती तपासणी खूप दुखते का?

उत्तर : ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी. तुम्हाला कॅन्सर झालाय असं हा रिपोर्ट म्हणत नाही. तुमच्यासारखाच रिपोर्ट आलेल्या शंभर बायका घेतल्या, तर त्यांतल्या साधारण चार-पाच जणींना उपचार करावा लागेल असा, कॅन्सरच्या आधीचा, मोठा बदल सापडतो. प्रत्यक्ष कॅन्सर सापडण्याचं प्रमाण शंभरात एकीपेक्षाही कमी आहे. त्या चार-पाच जणी कोण हे नुसत्या कागदावरून कळत नाही, म्हणून सगळ्यांनाच कोल्पोस्कोपीला, म्हणजे गर्भाशयाचं तोंड दुर्बिणीतून मोठं करून बघण्याच्या तपासणीला, बोलावतात. तुमच्या डॉक्टरांनी सांगितलं ते बरोबरच सांगितलं. फक्त ते सांगायला आणखी दहा मिनिटं द्यायला हवी होती. असा रिपोर्ट रात्री एकटीच्या हातात पडतो आणि अर्थ सांगायला जवळ कोणी नसतं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

तुमच्या कागदावर दोन वेगवेगळ्या तपासण्या आहेत. त्या वेगवेगळ्या वाचल्या की निम्मा गोंधळ कमी होतो.

पहिली ओळ पेशींची. गर्भाशयाच्या तोंडावरून मऊ ब्रशने काढलेल्या पेशी पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. काही पेशींची केंद्रकं नेहमीपेक्षा थोडी मोठी किंवा गडद दिसली, पण ठामपणे 'बदल आहे' म्हणण्याइतकी नाहीत, तेव्हा 'एएससी-यूएस' लिहितात. पॅपच्या बिघडलेल्या रिपोर्टांमध्ये सगळ्यात जास्त वेळा हाच शेरा असतो. साधी सूज, जंतुसंसर्ग, कोरडेपणा यांनीही पेशी अशा दिसू शकतात. याच्या वरची पायरी 'एलएसआयएल', म्हणजे सौम्य बदल. तो बहुतेक वेळा विषाणूच्या चालू संसर्गाची खूण असतो आणि बऱ्याचदा आपला आपण जातो. त्याच्या वर 'एचएसआयएल', म्हणजे मोठा बदल, ज्याला खरोखर गांभीर्याने घ्यायचं. 'एएससी-यूएस'शी पहिला शब्द सारखा असला तरी 'एएससी-एच' वेगळा आहे. त्यात मोठ्या बदलाची शंका असते, त्यामुळे कोल्पोस्कोपी टाळता येत नाही. 'एजीसी' लिहून आलं तर पेशी आतल्या नळीच्या किंवा गर्भाशयाच्या अस्तराच्या असू शकतात. तिथे 'पुन्हा पॅप करून बघू' हे चालत नाही, आतूनही नमुना घ्यावा लागतो. ही अक्षरं एकमेकींसारखी दिसतात आणि बायका फोनवर सांगताना त्यांची हमखास अदलाबदल होते, म्हणून मी नेहमी म्हणते, मूळ कागद घेऊन या.

दुसरी ओळ विषाणूची. एचपीव्हीचे दोनशेहून जास्त प्रकार आहेत. त्यांतले साधारण चौदा 'हाय रिस्क' धरतात. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमागे हा विषाणू असतो हे जर्मनीच्या हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी दाखवलं. १९८३ आणि १९८४ मध्ये त्यांच्या गटाने १६ आणि १८ हे प्रकार शोधले आणि २००८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. या कॅन्सरपैकी साधारण ७० टक्के या दोन प्रकारांमुळे होतात, आणि हे दोन्ही तुमच्याकडे निगेटिव्ह आहेत. उरलेल्या प्रकारांपैकी एखादा आहे. तो दुर्लक्ष करण्याजोगा नाही, पण त्याचा वेगही कमी असतो आणि धोकाही.

शरीरसंबंध असलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी एचपीव्हीचा संसर्ग होतोच. दहापैकी नऊ वेळा शरीर एक-दोन वर्षांत त्याला आवरतं, आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. थोड्या बायकांमध्ये तो टिकतो. टिकला तरी पेशींमधले बदल पायरीपायरीने वाढून कॅन्सरपर्यंत पोचायला साधारणपणे दहा-पंधरा वर्षं लागतात. प्रतिकारशक्ती कमी असेल, विशेषतः एचआयव्ही असेल, तर मात्र हा काळ खूप कमी होऊ शकतो. धूम्रपानामुळेही विषाणू टिकायला मदत होते. तपासणी करायची ती एवढ्यासाठीच, की या वर्षांमध्ये कधीतरी आपण मध्ये शिरू शकतो.

आता मिस्टरांचा प्रश्न. पुढचा मजकूर त्यांना स्वतःला वाचायला द्या, अशी माझी विनंती आहे.

'हे आलं कुठून' याचं उत्तर कुठलीही तपासणी देऊ शकत नाही. हा विषाणू वर्षानुवर्षं, कधी कधी दशकभराहूनही जास्त, इतक्या कमी प्रमाणात गप्प राहतो की टेस्टमध्ये दिसत नाही, आणि मग एखाद्या वेळी दिसू लागतो. तुमच्या पत्नीची याआधी कधीच टेस्ट झालेली नाही. म्हणजे तो गेल्या वर्षी आला की लग्नाच्या पहिल्या वर्षी, की त्याच्याही आधी, तुमच्याकडून तिला गेला की तिच्याकडून तुम्हाला, हे जगातला कुठलाही डॉक्टर सांगू शकणार नाही. एकच जोडीदार असलेल्या बाईलाही तो होतो. पॉझिटिव्ह रिपोर्ट हा कोणाच्याही वागण्याचा पुरावा होत नाही. माझ्यासमोर या एका गैरसमजावरून घरं अबोल झालेली मी पाहिली आहेत. तपासणीला कोणी एकट्या येऊ नये, नवऱ्याने बरोबर यावं आणि हे माझ्या तोंडून ऐकावं, असा माझा आग्रह असतो. पुरुषांसाठी यासाठीची नेहमीची टेस्ट नाही, आणि त्रास नसेल तर औषधही लागत नाही. तुमच्यातला विषाणू बहुधा तुम्हा दोघांमध्ये आधीच असणार, त्यामुळे आता वेगळं झोपण्याची गरज नाही. निरोधाने संसर्गाची शक्यता कमी होते, पूर्ण जात नाही. एचपीव्हीची लस आता घेतली तर असलेला संसर्ग त्या लसीने जाणार नाही, एवढं लक्षात ठेवा.

कोल्पोस्कोपीची भीती मला रोज दिसते, म्हणून सगळं सांगते. दुर्बीण शरीरात जात नाही. ती समोर स्टँडवर असते, टेबलापासून एखादा वीत-दोन वीत लांब. आत जातो तो फक्त पॅपच्या वेळी घातला होता तोच स्पेक्युलम, म्हणजे योनीमार्ग उघडा धरणारं साधन. कापसाच्या बोळ्याने गर्भाशयाच्या तोंडाला सौम्य ॲसेटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरमध्ये असतं तेच, तीन ते पाच टक्क्यांचं लावतात. थोडं गार लागतं, थोडी चुरचुर होते. मग आम्ही मिनिटभर थांबतो. गुलाबी पृष्ठभागावर जिथे बदललेल्या पेशी असतील तिथे पांढरा डाग उमटू लागतो. सौम्य बदलाचा डाग फिकट, कडा विस्कटलेल्या, आणि लवकर विरतो. मोठ्या बदलाचा डाग दाट, मळकट पांढरा, कडा रेखीव, आणि बराच वेळ टिकतो. नंतर आयोडीन लावतात. निरोगी भाग गडद तपकिरी होतो, बदललेला भाग पिवळसर राहतो. स्क्रीन असेल तर बघायला मागा. अनेक जणी मान वळवून बघतात आणि बघितल्यावर त्यांचा श्वास सुटतो, कारण मनातलं चित्र फार भयंकर असतं.

डाग दिसला तर तिथून तांदळाच्या दाण्यापेक्षाही लहान तुकडा घेतात. हीच बायोप्सी. त्या क्षणी आम्ही खोकायला सांगतो. पाळीत येते तशी एक कळ येते आणि जाते. सगळं मिळून दहा-पंधरा मिनिटं. नंतर रक्त थांबवायला औषध लावलं असेल तर दोन-तीन दिवस अंगावरून काळपट, दाणेदार स्राव जाईल, तो अपेक्षितच आहे. आधीचे एक-दोन दिवस संबंध, क्रीम, योनीमार्गातली गोळी टाळा. पाळी जोरात चालू असेल तर तारीख बदलून घ्या. आयोडीनची ॲलर्जी, रक्त पातळ करणारी गोळी किंवा दिवस गेल्याची शंका असेल तर आधी सांगा.

पुढचं बायोप्सीवर ठरतं. तिच्या रिपोर्टमध्ये बदलाची पायरी 'सीआयएन' अशी लिहितात: १ म्हणजे सौम्य, ३ म्हणजे सगळ्यात मोठा बदल. काहीच सापडलं नाही किंवा सीआयएन-१ आलं, तर उपचार नाही, वर्षभराने पुन्हा एचपीव्ही टेस्ट. ही वर्षभरानंतरची तारीख चुकवू नका. पहिल्या धक्क्यात सगळ्या येतात, 'काही नाही निघालं' म्हटल्यावर निम्म्या परत फिरकत नाहीत, आणि माझी खरी काळजी तिथे सुरू होते. सीआयएन-२ आलं आणि मूल हवं असेल, तर काही जणींमध्ये दर सहा महिन्यांनी तपासत थांबता येतं. हे डॉक्टरांशी बसून ठरवायचं. सीआयएन-३ असेल तर तेवढा भाग काढायचा. पिशवी काढण्याचा प्रश्न यातल्या कुठल्याही पायरीवर पहिल्यांदा येत नाही. गर्भाशयाच्या तोंडाचा थोडा भाग काढल्यावरही मूल होतं. भाग खोल काढला असेल तर मुदतीआधी बाळंतपण होण्याची शक्यता काहीशी वाढते, म्हणून तुम्हाला दुसरं मूल हवंय हे आधीच स्पष्ट सांगा. बाळासाठीचे प्रयत्न कोल्पोस्कोपी होईपर्यंत थांबवलेत तर सोपं जाईल, पण दिवस गेलेच तरी गरोदरपणात कोल्पोस्कोपी करता येते.

प्रश्न : वय ५७. पाळी जाऊन सात वर्षं झाली. पॅपचा रिपोर्ट 'अनसॅटिस्फॅक्टरी' आला. मुलगी म्हणते, म्हणजे काही निघालं नाही, सोडून दे. सोडू का?

उत्तर : सोडू नका, काकू. 'काही निघालं नाही' आणि 'बघता आलं नाही' यांत फरक आहे, आणि तुमच्या बाबतीत बघता आलेलं नाही. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन कमी होतं, योनीमार्गाचं आणि गर्भाशयाच्या तोंडाचं अस्तर पातळ, कोरडं होतं आणि ब्रशवर पुरेशा पेशी येत नाहीत. शिवाय जिथे बदल सुरू होतात तो पट्टा या वयात आत नळीत सरकलेला असतो. यात तुमचं काही चुकलं नाही, नमुना घेणाऱ्यांचीही चूक असेलच असं नाही.

दोन ते चार महिन्यांत पुन्हा नमुना द्या. स्पेक्युलम घालताना फार दुखलं असेल तर संकोच न करता सांगा. आधी काही आठवडे इस्ट्रोजेनचं क्रीम लावून अस्तर सुधारता येतं. मात्र ते तुम्हाला चालेल की नाही हे डॉक्टर ठरवतील, विशेषतः स्तनाचा कॅन्सर होऊन गेला असेल तर. बरोबर एचपीव्ही टेस्ट झाली होती का, तेही विचारा. ती पॉझिटिव्ह असेल तर वाट न बघता कोल्पोस्कोपी.

आणि पाळी गेल्यानंतर एक डाग जरी रक्ताचा दिसला, तर पॅपचा रिपोर्ट काहीही असो, लगेच दाखवा. त्यासाठी गर्भाशयाचं आतलं अस्तर तपासावं लागतं.

प्रश्न : वय ४४. तीन महिन्यांपूर्वी 'एचएसआयएल' आलं. डॉक्टरांनी दोनदा फोन केला, पण मी गेले नाही. मला ना दुखणं, ना पांढरं जाणं, पाळी अगदी वेळेवर. सोनोग्राफीही नॉर्मल आहे. मुलीची परीक्षा आहे, ती तेरा वर्षांची आहे, तिच्याकडे बघायला दुसरं कोणी नाही. सहा महिन्यांनी दुसऱ्या लॅबमध्ये पॅप करीन आणि तेव्हाही खराब आलं तर मग बघू, असं ठरवलंय. चालेल ना?

उत्तर : नाही, ताई, चालणार नाही. तुमच्या डॉक्टरांनी दोनदा फोन केला याचा अर्थ त्यांना तुमची काळजी लागलीये. मलाही लागली.

त्रास नाही हे खरं असणार. या टप्प्यावर त्रास होतच नाही. संबंधानंतर रक्त जाणं, मधेच डाग दिसणं, घाण वासाचा स्राव ही लक्षणं बहुधा पुढची, कॅन्सर झाल्यावरची. सोनोग्राफीत पिशवीचा आकार, गाठी, अस्तराची जाडी दिसते. वरच्या थरातल्या पेशी बदलल्यात की नाही हे तिला दिसूच शकत नाही. सोनोग्राफी नॉर्मल आहे म्हणून निर्धास्त झालेल्या बायका मला फार भेटतात.

दुसऱ्या लॅबचा बेत का नको ते सांगते. पॅपमध्ये ब्रशला लागल्या तेवढ्याच पेशी दिसतात. पुढच्या वेळी बदललेल्या जागेवर ब्रश फिरला नाही तर रिपोर्ट चांगला येईल, आणि बदल तिथेच असेल. एकदा एचएसआयएल आल्यावर नंतरचा नॉर्मल पॅप ते पुसून टाकत नाही. लॅबवर विश्वास नसेल तर तीच जुनी काचपट्टी दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टना दाखवून मत घ्या, पण कोल्पोस्कोपीची तारीख त्यासाठी पुढे ढकलू नका.

उपचार न केला तर काय होतं, हे दुर्दैवाने माहीत आहे. न्यूझीलंडमधल्या एका रुग्णालयात १९६० आणि ७० च्या दशकांत सीआयएन-३ असलेल्या काही बायकांना पुरेसा उपचार न देता नुसतं निरीक्षणाखाली ठेवलं गेलं. त्यांना विचारलंही नव्हतं. पुढे यावर न्यायिक चौकशी झाली. २००८ मध्ये त्यांच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला: उपचार न मिळालेल्यांपैकी तीस वर्षांत जवळजवळ ३१ टक्के जणींना कॅन्सर झाला. ज्यांच्यावर व्यवस्थित उपचार झाले त्यांच्यात हेच प्रमाण एक टक्क्याहून कमी होतं. तीस वर्षं हा मोठा काळ आहे, पण तुमचा बदल कधी सुरू झाला हे तुम्हालाही माहीत नाही आणि मलाही. तुमच्याकडे अजून किती वेळ आहे याचा अंदाज बाहेरून करता येत नाही.

उपचार त्या मानाने छोटा आहे. जागेवर भुलीचं इंजेक्शन देतात. तारेच्या बारीक फासातून वीज सोडून बदललेला भाग चकतीसारखा काढतात. याला लीप म्हणतात, आणि बहुतेक वेळा त्याच दिवशी घरी जाता येतं. वय ४४ आणि एचएसआयएल असेल तर काही ठिकाणी कोल्पोस्कोपीच्याच वेळी हे उरकतात, म्हणजे दुसरी खेप वाचते. तुमच्या अडचणीत हे आवर्जून विचारा. नंतर तीन-चार आठवडे संबंध आणि टॅम्पॉन नको, जड उचलणं नको. पाळीपेक्षा जास्त रक्त गेलं किंवा ताप आला तर फोन करा. सहा महिन्यांनी एचपीव्ही टेस्ट, मग तीन वर्षं दरवर्षी, आणि नंतर दर तीन वर्षांनी, असं किमान पंचवीस वर्षं. लांबलचक वाटेल, पण एकदा मोठा बदल झालेल्या बाईला धोका इतरांपेक्षा जास्त काळ राहतो, आणि त्यावरचा उपाय एवढाच आहे.

मुलीची परीक्षा सोडू नका. ती शाळेत असेल त्या वेळेतली सकाळची तारीख मागा, उद्याच फोन करून. डॉक्टरांना सांगा की घरी दुसरं कोणी नाही. त्यावरून वेळ कशी बसवायची ते त्या बघतील. आणि तिथे गेल्यावर मुलीच्या एचपीव्ही लसीबद्दलही विचारून या. जागतिक आरोग्य संघटनेने या लसीसाठी मुख्य गट ठरवलाय तो नऊ ते चौदा वर्षांच्या मुलींचा, आणि तुमची मुलगी अजून त्यात बसते.